चार नंबरचा उंचवटा

चौदा फेब्रुवारीला बेसबॉलचा कॅम्प सुरू झाला तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत एकसष्ट कपाटं होती आणि एकसष्ट माणसं. एकतीस पिचर म्हणजे चेंडू टाकणारे, सात कॅचर म्हणजे तो झेलणारे, चौदा आतल्या मैदानाचे, नऊ बाहेरच्या मैदानाचे. आदल्या सप्टेंबरात शेवटचा सामना हरलो त्या दिवशी संघात जे सव्वीस जण होते, त्यांतले नऊ उरले होते. सत्तरच्या वरचा आकडा पाठीवर असलेले शर्ट बावीस होते. सत्तरच्या वरचा आकडा म्हणजे या माणसाला क्लबने काहीही कबूल केलेलं नाही, फक्त येऊन बघ म्हटलंय. सव्वीस मार्चला हंगाम सुरू होणार होता, आणि त्या दिवसाच्या यादीत सव्वीस नावं मावणार होती. म्हणजे पस्तीस जण गळणार. सरावाच्या पट्टीवर पिचर ज्यांवर उभे राहून चेंडू टाकतात असे मातीचे सहा उंचवटे होते आणि त्यांच्याकडे रोखलेले आठ कॅमेरे. कॅमेरे माझ्या ताब्यात होते.

आमचा क्लब, बार्जमेन, आदल्या वर्षी एकशे बासष्टपैकी एकशे आठ सामने हरला होता. क्लबमध्ये याला पुनर्बांधणी म्हणत. तिशीतले चांगले खेळाडू जुलैमध्ये दुसऱ्यांना देऊन टाकायचे, बदल्यात विशीतली पोरं घ्यायची, आणि ती पोरं तयार होईपर्यंत हरत राहायचं. याला चार वर्षं लागतात असं सगळे सांगत. हे तिसरं वर्ष होतं. गेल्या वर्षीही तिसरंच होतं.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी इथे आले त्याला दुसरा हंगाम लागला होता. माझ्याकडे कामं दोन. रोज पिचरांचा तक्ता भरायचा, आणि माझे वरिष्ठ लँड्री यांना येत्या हंगामाचा अंदाज तयार करून द्यायचा. अंदाजाच्या दोन प्रती असत. एक मालकांसाठी, आकड्यांची. दुसरी वर्षभराची तिकिटं घेणाऱ्या लोकांसाठी, शब्दांची. शब्दांच्या प्रतीचा पहिला खर्डा लँड्रींनी परत केला तेव्हा त्यावर लाल पेनाने अकरा ठिकाणी रेघा होत्या.

"हरणार असं लिहायचं नाही, कोरिन. शिकणार असं लिहायचं."

"मग शंभर सामने शिकणार, असं लिहू?"

ते हसले नाहीत. "‘तरुण’ हा शब्द वाढव," म्हणाले.

तक्त्याचं काम मला जास्त आवडायचं. त्यात प्रत्येक पिचरची एक रांग. सरावातल्या प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, आणि चेंडू बोटांतून सुटतो ती जमिनीपासूनची उंची. माणूस दमला किंवा कुठे दुखावला की वेग आधी पडत नाही. वेग तो दात-ओठ खाऊन टिकवतो. आधी हात खाली येतो. सुटण्याची उंची पहिल्या आठवड्यापेक्षा चार सेंटिमीटरपर्यंत उतरली तर रांग हिरवी राहायची, चार ते सहा उतरली की पिवळी, सहाच्या पुढे लाल. पिवळा दिसला की क्लबचा डॉक्टर त्या माणसाला बोलावून घ्यायचा. आमचे मॅनेजर हर्शल पिकेन्स एकसष्ट वर्षांचे होते आणि सगळे त्यांना स्किप म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "मला आकडे नको ऐकवूस, पोरी. रंग सांग."

अकरा मार्चच्या सकाळी मी चार नंबरच्या उंचवट्यावर गुडघे टेकून टेप आणि पाणसळ घेऊन बसले होते.

"टेपबाई, काय मोजतेस? कबर?" एउसेबिओने विचारलं. तो सरावात चेंडू झेलायचा. डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला, सतरा वर्षं एवढंच काम करत होता, आणि कॅम्पमधल्या प्रत्येकाला त्याने एकेक नाव ठेवलं होतं. मला ठेवलेलं हे.

"उंची मोजतेय."

"एकदा माझं पोट मोज. बायको फोनवर रोज विचारते."

"त्याला दोन टेपा जोडाव्या लागतील," मागून कॉय म्हणाला, "आणि मध्ये एक रात्र मुक्काम."

कॉय लेडबेटर. आर्कान्सामधला, वय तेहेतीस, पाठीवर एक्याण्णव. बारा वर्षं तो खालच्या लीगांमध्ये चेंडू टाकत होता. पाचशे चाळीस सामने, सात राज्यं. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, नोंदवहीत प्रत्येक खेळाडूपुढे त्याची सेवा वर्षं आणि दिवस अशी लिहिलेली असते. कॉयचं त्या वहीत पानच नव्हतं. एक दिवस यादीत लागला तरी पान उघडतं आणि मग ते कुणाला फाडता येत नाही. आयुष्यभराच्या आजारपणाचा विमाही त्या एका दिवसाने मिळतो. हे मला ठाऊक होतं, कारण कॅम्पमध्ये सत्तरच्या वरचे बावीस जण दुसरं काही बोलतच नसत.

मी उंचवटा मोजत होते तो त्याच्याचमुळे. पहिल्या आठवड्यापासून त्याची सुटण्याची उंची ६.४ सेंटिमीटर उतरली होती. माणसाआधी उपकरणावर संशय घ्यायचा, एवढं प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. कॅमेऱ्यांचे खांब मी आदल्या दिवशी तपासले होते, ते जागचे हलले नव्हते. उरला उंचवटा. नियमाने तो २५.४ सेंटिमीटर हवा. माझ्या टेपवर २३.३ आला. पावलांनी माती झिजली होती. म्हणजे २.१ सेंटिमीटर मातीचे. त्याच उंचवट्यावरून टाकणाऱ्या आणखी चौघांच्या नोंदी काढून पाहिल्या, तेही १.९ ते २.२ उतरले होते. माती सगळ्यांच्या पायाखाली सारखीच होती. उरलेले ४.३ एकट्या कॉयचे.

एउसेबिओ पाणी प्यायला गेला. कॉय तिथेच उभा राहिला.

"किती?"

"काय किती?"

"बारा वर्षं बघतोय मी. टेप घेऊन कुणी उगाच वाकत नाही. किती खाली आलाय?"

"चार पूर्णांक तीन. बाकीचं मातीचं."

"म्हणजे कुठला रंग?"

"पिवळा."

त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली आणि बुटाने त्यांवर माती लोटली. उंचवटा आणखी झिजेल असं माझ्या मनात आलं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग दुखतं." त्याने उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "इथे. सकाळी दात घासताना सगळ्यात जास्त."

जेवणाच्या वेळी तो माझ्या टेबलावर येऊन बसला. ताटात अंडी, काळे वाल आणि तीन टॉर्टिया. डाव्या हाताने खात होता. एवढे दिवस ते माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं.

"पिवळा झालो की काय होतं ते सांगतो तुला," तो हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टर दाबून बघणार. मग फोटो काढणार. मग स्किप दार लावून घेणार आणि म्हणणार, बाबा रे, फार चांगला माणूस आहेस तू. दहा नंबरवाल्यावर इलाज करतात. एक्याण्णव नंबरवाल्याला तिकीट काढून देतात."

"पण कोपरातला अस्थिबंध पुरता फाटला तर?"

"फाटणारच आहे तो. कधी, एवढाच प्रश्न आहे." त्याने काट्याने टेबलावर एक रेघ ओढली. "ही सव्वीस तारीख. हिच्याआधी फाटला तर तो माझा एकट्याचा कोपर. हिच्यानंतर फाटला तर त्यांचा. मेजरच्या जखमींच्या यादीत पडून राहायचं, रोज एक दिवस जमा होतो. ऑपरेशन त्यांचं, डॉक्टर त्यांचा. मला फक्त पंधरा दिवस हवेत, टेपबाई. त्या दिवशी रांगेत टोपी काढून उभा राहिलो, राष्ट्रगीत संपलं, की खुशाल फाटू दे."

"दुसऱ्या एखाद्या संघात..."

"दुसरा संघ?" तो खरंच हसला. "चांगल्या संघात माझ्यासारखे गेटवर तिकिटं फाडतात. तुम्ही इतके भिकार आहात म्हणून तर मी इथे आलो. यंदा जमलं नाही तर परत कधी नाही. पुढच्या वर्षी तुमची पोरं मोठी होतील."

"मी खोटा आकडा कधी लिहिला नाही, कॉय."

"खोटा कुठे लिही म्हणतोय? मातीचा वाटा जरा जास्त धर. मातीला काय, तिला कुठे घरी पाठवणार आहेत?"

तक्त्यात ‘उंचवट्याची दुरुस्ती’ असा एक चौकोन होता, प्रत्येकाच्या रोजच्या सरावापुढे एक. तो मीच भरत असे आणि दुसरं कुणी उघडून बघत नसे. तिथे २.१ लिहायला हवं होतं. माझ्या टेपची चूक फार तर तीन मिलिमीटर. मी कॉयच्या रांगेत ५.१ लिहिलं, आणि पुढे रोज तेच लिहीत गेले. उतार १.३ उरला. रांग हिरवी झाली.

उंचवटा झिजलाय हे मी माळ्याला सांगितलं नाही. त्याने तो भरून काढला असता तर दुरुस्तीचा चौकोनही शून्यावर आला असता. आणखी चार पिचर रोज त्या झिजलेल्या मातीवर पाय रोवत राहिले आणि कॉय रोज चार नंबरच मागत राहिला. सामन्यांतली उंची वेगळ्या यंत्रणेत जायची, तिच्यातला फक्त वेग आमच्या तक्त्यात येत असे, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. आणि वेग कॉय टिकवून होता. ताशी ब्याण्णव मैल. मी रोज सकाळी पहिल्यांदा तोच आकडा बघायचे.

कपाटं रिकामी होऊ लागली. स्किपचा माणूस सकाळी खोलीत यायचा, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "स्किपने बोलावलंय." तो हात खांद्यावर पडू नये म्हणून लोक सहा वाजताच येऊन मैदानात पळत बसायचे. पंधरा तारखेला अठ्ठेचाळीस राहिले. एकोणिसाला एकोणचाळीस. एकविसाला एकतीस. सत्तरच्या वरचे त्यात चार.

"तुझं भूत अजून इथेच फिरतंय," एउसेबिओ कॉयला म्हणाला.

"भाडं भरलंय मी."

"कशाने?"

"याने," म्हणून कॉयने डावा हात दाखवला. एउसेबिओ हसला. मी हसले नाही.

त्या दिवशी स्किपनी मला कचेरीत बोलावलं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर सव्वीस ओळी आखल्या होत्या आणि चोवीस भरल्या होत्या.

"लेडबेटर कसा वाटतो?"

"हिरवा आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. वय झालंय, पण निदान चेंडू कुठे टाकायचा ते कळतं त्याला. ही पोरं आहेत ना, यांचे हात मला जपायचेत. वरून हुकूम आहे. विशीतल्या कुणाला सलग दोन दिवस वापरायचं नाही, एका दिवशी पंचवीस चेंडूंच्या पुढे जायचं नाही. मग हरलेल्या सामन्यांचे डाव कुणी टाकायचे? कुणीतरी गाढव हवंच ना." त्यांनी पेन उचललं, पंचविसाव्या ओळीत ‘लेडबेटर’ लिहिलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. "त्याला सांगू नकोस. चोविसाला सगळ्यांना एकदमच सांगतो."

मी सांगितलं नाही. पण बाहेर आले तेव्हा कॉय दारासमोर बूट बांधत बसला होता. त्याने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बूट बांधायला लागला, आणि त्याचे कान लाल झाले.

बावीस तारखेच्या सामन्यात त्याने आठवा डाव टाकला. अकरा चेंडू, तीन बाद. संपल्यावर तो सरळ थंडगार पाण्याच्या टाकीत कोपर बुडवायला गेला नाही. तसं केलं असतं तर लोकांनी पाहिलं असतं. तो खोलीवर गेला आणि बाथटबमध्ये पेट्रोल पंपावरचा बर्फ टाकून बसला. हे मला एउसेबिओने नंतर सांगितलं.

तेवीस तारखेला दुपारी सामना होता. मी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे संगणकाचा पडदा उघडून बसले होते. पाचव्या डावात आमचा तरुण पिचर पंचवीस चेंडूंवर पोहोचला आणि स्किपनी फोन उचलला. मी सरावपट्टीकडे पाहिलं. कॉय उठून उभा राहिला होता आणि अंगातलं जाकीट काढत होता.

मला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय. काल टाकलेला माणूस आज कसा? मग मी त्या दिवशीचा वापराचा कागद उघडला. कोणत्या पिचरला आज वापरता येईल याची यादी रोज दुपारी आपोआप छापली जायची, आणि स्किप ती खिशात ठेवायचे. पिवळ्या माणसाला टाकल्यानंतर दोन दिवस सुट्टी, तिशीच्या वरच्या हिरव्याला सलग दोन दिवस चालेल. ही यादी तक्त्यातला रंग वाचून निघायची. जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, ती जोडणी मी लिहिली होती, आणि नीट चालते का ते शंभर खोट्या नावांवर तपासूनही पाहिलं होतं. ५.१ लिहिताना मला फक्त डॉक्टर दिसत होता. कागद दिसला नव्हता.

मी पायऱ्या उतरून कुंपणापाशी गेले.

"काल टाकलंयस तू," मी म्हणाले.

"नाव आलंय." तो हळूहळू हात फिरवत होता.

"नाही म्हण."

"का म्हणून विचारतील. मग काय सांगू?"

"घोटा मुरगळला म्हण. पोट बिघडलं म्हण."

"फळ्यावर नाव आहे ना माझं?" त्याने विचारलं. "तोंडावर दिसतं तुझ्या सगळं. पत्ते खेळू नकोस कधी." त्याने हातमोजा घातला. "फळ्यावर नाव लागलेल्या माणसाचं पोट बिघडत नसतं."

माझ्या जागेवर फोन होता. तो उचलून एक नंबर दाबला असता तर स्किपच्या कानाशी वाजला असता. मी वर जाऊन फोनशेजारी बसले. सहावा डाव कॉयने तेरा चेंडूंत संपवला. आत जाऊन बसेल असं मला वाटलं. पण आम्ही एक विरुद्ध सातने हरत होतो, आणि असे डाव टाकण्यासाठीच तो तिथे होता. सातव्याला तोच परत आला.

सातव्यातला नववा चेंडू ब्याण्णव मैल. दहावा होम प्लेटच्या दीड मीटर आधी मातीत पडला. पडद्यावर बहात्तर आला. कॅमेरे चुकले असं एक क्षणभर मला वाटलं, आणि मी खरोखर त्यांच्या खांबांकडे पाहिलं.

कॅचर उठून त्याच्याकडे जायला निघाला. कॉयने डाव्या हाताने त्याला परत पाठवलं. मग चेंडूवरची पकड घट्ट राहावी म्हणून बोटांना लावायच्या राळेची पिशवी उचलायला वाकला. उजव्या हाताने उचलली आणि ती खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने उचललीच नाही. त्याने चेंडू घेतला, पाय रोवले आणि टाकायला हात मागे नेला. तोवर स्किप धावत मैदानात आले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस इतका जोरात धावतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"टाकता येतंय मला," कॉय म्हणत होता. मैदानावरचे ध्वनिग्राहक चालू होते, ते माझ्या कानातल्या यंत्रात ऐकू आलं. "स्किप, टाकता येतंय. फक्त बोटं झोपलीत."

"चेंडू दे, बाबा."

"एवढा डाव संपवतो."

"दे."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो गाड्या लावायच्या जागेत आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. हात झोळीत. फोटो काढून झाला होता. बंध हाडापासून पूर्ण सुटला होता. चौदा महिने, डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे पस्तिशी उजाडली असती. खालच्या लीगच्या जखमींच्या यादीत त्याला टाकलं होतं. तिथे दिवस जमा होत नाहीत.

"स्किप म्हणाले, फार चांगला माणूस आहेस तू," कॉय म्हणाला. "शब्दन् शब्द ओळखला होता मी."

मी समोर उभी राहिले. सांगायचं ठरवूनच आले होते. "कॉय, यादी रंगावरून निघते. पिवळा असतास तर आज सुट्टी होती तुला. आजही आणि उद्याही. ती जोडणी मी केलेली आहे. मला आठवायला हवं होतं."

पलीकडे माळी पाण्याचे नळ सोडत होता.

"पिवळा असतो तर अकरालाच घरी गेलो असतो," तो म्हणाला.

"कदाचित. किंवा डॉक्टर म्हणाला असता, दहा दिवस थांब. मग बघू."

"असं म्हणतात?"

"गेल्या वर्षी सहा पिवळ्यांपैकी दोघांना म्हणाले होते. दोघंही पुढे संघात राहिले."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. मीही काढून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं."

त्याने मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. "दोघं," तो म्हणाला. "सहात दोघं. पाचशे चाळीस सामन्यांत याच्यापेक्षा वाईट बाजी खेळलोय मी." मग तो फळीवरून उतरला, किल्ली उजव्या खिशात होती ती डाव्या हाताने काढायला त्याला बराच वेळ लागला. मी पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे." आर्कान्सा तिथून दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे. गियर हाताने टाकायचे होते. तो कसा गेला मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लँड्रींच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. टेप, माती, २.१, ५.१, कागद. माझ्या मोजमापांच्या वहीतलं पानही समोर ठेवलं. काढून टाकतील असं मला वाटत होतं, आणि ते योग्यच झालं असतं.

त्यांनी पान वाचलं. सावकाश, आकड्यांवर बोट फिरवत.

"तरुण मुलांपैकी कुणाच्या रांगेत असं केलंयस?"

"नाही."

"खात्री?"

"एकाच रांगेत केलं."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि पान माझ्याकडे सरकवलं. "मग तो आकडा नीट कर आणि उंचवटा भरून घे. स्किपना मी सांगतो, किंवा नाही सांगत. बघू." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मालकांची प्रत दुपारी जायचीय. लेडबेटरला काढ, त्याच्या नावावर धरलेले साठ डाव बाकीच्यांत वाट, आणि अंदाज पुन्हा चालव."

"त्याच्या घरी कुणी फोन..."

"कोरिन. दुपारी."

मी कॉयच्या चार नंबरवरच्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. तेरा दिवसांच्या तेरा नोंदी पिवळ्या झाल्या. माळ्याला उंचवट्याचं सांगितलं. मग कॉयचं नाव काढलं, त्याचे डाव पाच जणांत वाटले आणि येणारा हंगाम मॉडेलमधून दहा हजार वेळा चालवला. त्याला अठरा मिनिटं लागली.

कॉय लेडबेटर संघात धरून सरासरी विजय: ५५.३१. वगळून: ५५.२७. फरक ०.०४. गणनेतली संभाव्य चूक: अधिक-उणे ०.०९.